काटा कसा मारावा

विजेवरची स्कूटर घेतलीत? झकास. आता चारचौघांत कुणी खाणी, डोंगर, आदिवासी असला विषय काढला तर गडबडू नका. ऐन हंगामात कापसाची गाडी घेऊन बाजार समितीत उभे राहिला असाल, तर 'दोन्ही बाजू तोलून पाहणं' तुम्हाला वेगळं शिकवायला नको. तुमचा कापूस जसा मोजला गेला, तसाच आता डोंगर मोजायचा.

पेट्रोलचा धूर वाईट, हे खरंच आहे. म्हणूनच ते वजन आधी पारड्यात टाका, आणि बोटही तिथंच राहू द्या.

चिलीच्या आटाकामा वाळवंटात लिथियमसाठी जमिनीखालचं खारं पाणी उपसून उन्हात वाळवतात, आणि तिथल्या आदिवासींना आपल्या पाण्याची धास्ती आहे. फार लांबचं, सोडा. कोबाल्ट कांगोतलं, तेही सोडा. बऱ्याच बॅटऱ्यांत मँगनीज लागतं. ते तर आपल्या तुमसर तालुक्यात, डोंगरी बुजुर्गलाही निघतं. पण घरचं कोण मोजतं?

खरी कला ओलाव्यात आहे. गाडीच्या पत्र्याला लोखंड लागतं. गडचिरोलीत एटापल्लीकडचा माडिया आदिवासी म्हणाला, सूरजागडच्या डोंगरावर आमचा ठाकुरदेव आहे, तर व्यापाऱ्यासारखं मूठभर उचलून दाबा आणि म्हणा, "ओलावा लय हाय, भाऊ." मग लावा कट्टी, म्हणजे वजनातून कपात. देव, मोहफूल, तेंदूपत्ता, पुरखे, सगळा ओलावाच. वाळून उरेल ते लोहखनिज, टनात.

काटा मात्र व्यापाऱ्याच्याच आवारात हवा. जनसुनावणी जिल्ह्याच्या ठिकाणी ठेवा; ज्याला डोंगराची एवढी माया आहे तो येईल की एसटीनं. गावात काटा नेला की घोळ होतो. ओडिशात नियमगिरीच्या डोंगरात बॉक्साइटची खाण चालेल का, असं 2013 साली 12 ग्रामसभांना विचारलं, आणि बाराही 'नाही' म्हणाल्या! आपल्या धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखाला 2009 मध्ये जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, तर गाव स्वतःच बांबू विकायला लागलं. विचारलं की लोक उत्तर देतात, ही खेड्यातली जुनी खोड.

माझीही स्कूटर आत्ता चार्जिंगला लावलेली आहे. वीज कशाची, ते चंद्रपूरच्या वीज केंद्राच्या चिमण्यांना विचारा. मी मीटर बघतो.

आणि एखाद्या म्हाताऱ्यानं हटकलंच, "भाऊ, डोंगर मोजला थे ठीक, विक्रीची पट्टी कोनाच्या नावानं फाडली?" तर गाडी काढा आणि निघा. तिचा आवाज होत नाही.