हे काम आधी कोणी केलं होतं?

आमच्या हॉलच्या पंख्यातून पाऊस पडतो. पाणी स्लॅबमध्ये कुठूनतरी शिरतं, वायरिंगच्या पाईपातून फिरत फिरत येतं आणि पंख्याच्या रॉडवरून उतरून पात्यावर बसून राहतं, मग नेमके पाहुणे आले की कोणीतरी कौतुकाने पंखा लावतो आणि लग्नात गुलाबपाणी शिंपडतात तसं सगळ्यांवर समप्रमाणात शिंपण होतं. आई आतून ओरडते, "शॉक लागून मराल मेल्यांनो." चिपळुणात राहतो आम्ही. पाणी खालून कसं येतं ते वाशिष्ठी नदीने 2021 च्या जुलैत दाखवलंय, आता निदान वरून तरी येऊ नये एवढीच माफक अपेक्षा आहे.

तर यंदा ठरवलं की 7 जूनला मृग लागायच्या आत गच्चीचं काम करून घ्यायचं आणि माणूस नीट बघून घ्यायचा. कारण मागच्या वर्षी साडूने एक "एकदम घरचा माणूस" दिला होता, त्याने 20 हजार ॲडव्हान्स घेतला, केमिकलचे दोन डबे गच्चीत आणून ठेवले आणि तो जो गेला तो गेलाच. साडूचा माणूस असल्यामुळे बोलायचीही सोय नाही. त्यातल्या एका डब्यातलं केमिकल तसंच घट्ट होऊन बसलंय, दुसरा रिकामाच निघाला, त्यात आईने अळू लावलाय. छान येतो. घशाला खाजत नाही अजिबात. 20 हजारांचा अळू खाजून चालेलच कसा.

पहिला आला तो केमिकलवाला. गच्चीवर पाऊल ठेवलं, इकडेतिकडे बघितलं आणि जिभेने टाळूला च्यक् च्यक् करत म्हणाला, "हे काम आधी कोणी केलं होतं?" डॉक्टर आधीच्या डॉक्टरचा कागद बघून करतो ना, अगदी तोच चेहरा. मग स्क्वेअर फुटाला 45 रुपये, दोन कोट, मध्ये जाळी, आणि दहा वर्षांची गॅरंटी लेटरहेडवर लिहून. म्हटलं वा, तुमची फर्म किती वर्षं आहे? म्हणाला, "दोन होतील दिवाळीला." परत तो म्हणे उद्याच सुरू करतो, आदल्या रात्री वळवाची सर येऊन गेलेली, गच्ची ओली गच्च. ओल्यावर कोट मारला की त्याला पुरीसारखे फुगे येतात हे आता मलासुद्धा कळतं, एवढी वर्षं गळक्या घरात काय उगाच काढली.

दुसरा कोबावाला. त्याचाही पहिला प्रश्न तोच, आधी कोणी केलं होतं. मग टेप काढला. आमची गच्ची 20 बाय 30, म्हणजे सरळ 600. कठड्याला आतून फूटभर वर चढवायचं म्हटलं तर चारी बाजू मिळून 100 फूट, म्हणजे 700, इथपर्यंत मीही मान डोलावली. त्याचे मात्र 790 आले. वरचे 90 कुठले विचारलं तर म्हणाला "गोलाई". टाकी ठेवलीय तिथलंही धरलं, टाकीच्या वरचंही धरलं असणार. बरं, जुना कोबा फोडायचा नाही, त्याच्यावरच नवा टाकायचा म्हणे. चार इंचाचा कोबा स्क्वेअर फुटाला 15-20 किलो जातो हो, म्हणजे घराच्या डोक्यावर आणखी दहाएक टन. गळती थांबेल, पण मग आम्ही कुठे थांबायचं?

तिसरा पत्रेवाला, तो तर वर चढलाच नाही. गेटमधूनच म्हणाला, "स्लॅब गळणारच काका, शेड मारा." आणि गावभर बघा, सगळ्यांनी मारलीच आहे. आधी कौलं काढून ऐटीत स्लॅब टाकायचा, मग स्लॅब गळतो म्हणून त्याच्यावर निळा पत्रा घालायचा, म्हणजे छपराला छप्पर. आजोबांच्या वेळी मे महिन्यात शाकारणी व्हायची. गडी वर चढायचा, फुटकं कौल बदलायचा, सरकलेलं नीट बसवायचा, खाली येऊन पेज जेवायचा आणि जायचा. गॅरंटी पुढच्या मेपर्यंत. कोणी लिहून दिली नाही आणि कोणी मागितली नाही.

शेवटी बायकोने एका म्हाताऱ्या गवंड्याला बोलावलं, तात्या म्हणतात सगळे. तात्यांनी चपला जिन्यात काढल्या, हातोडीच्या दांड्याने गच्ची ठोकत ठोकत निघाले, जणू नारळ निवडतायत. कुठे टणटण, कुठे बद्द. रेट नाही, टेप नाही, माझं मन अस्वस्थ व्हायला लागलं, हा माणूस पैसे का मागत नाहीये? मग त्यांनी पावसाळी पाईपच्या तोंडात हात घालून फणसाची पानं, एक प्लॅस्टिकचा बॉल आणि आमच्या हरवलेल्या सांडशीचा अर्धा भाग काढला. "पाणी जायला वाट नाय, तर ता घरातच येतला," म्हणाले. पाईपला गोणपाटाचा बोळा मारून त्यांनी गच्चीत चार बोटं पाणी भरायला लावलं आणि दोन दिवसांनी येतो सांगून गेले.

आणि आले! तिसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला, सांगितलं होतं तसे. मी ब्रश तोंडात घेऊन बघतच राहिलो.

वरचं पाणी बरंच उतरलं होतं, खाली पंखा ठिबकत होता. तात्या सरळ गेले ते डिश ॲन्टेनाच्या स्टँडपाशी आणि उकिडवे बसले. चार बोल्ट, स्लॅबमध्ये आरपार ड्रिल मारून ठोकलेले, गंजलेले, आणि त्यांच्या बाजूने पाणी आत जाताना बारीक बुडबुडे येत होते.

2011 च्या वर्ल्डकपला बसवली होती ती डिश. फायनलच्या आदल्या दिवशी सिग्नल हलत होता, माणूस मिळेना, म्हणून साडूची ड्रिल मशीन आणून एकाने ते बोल्ट स्वतःच मारले होते. धोनीचा सिक्स एकदम क्लिअर दिसला, ते सोडा. रिचार्ज बंद होऊनही चार वर्षं झाली.

तात्यांनी एक बोल्ट बोटाने हलवला. दातासारखा हलला. मग वर मान करून त्यांनी मला विचारलं, "ह्या काम कोणी केल्यान?"

बायको शेजारीच उभी होती. मी जिभेने च्यक् च्यक् केलं आणि म्हटलं, "होता एक. साडूचा माणूस."