खुलासा: अक्षराखालची रेघ म्हणजे ‘इथे जोर द्या’ नव्हे

‘ऋग्वेदाच्या पोथीत ज्या अक्षराखाली आडवी रेघ, ते अक्षर उदात्त, म्हणून ते मोठ्याने म्हणावे’ असा मजकूर व्हॉट्सॲपवर फिरतो आहे. तो मूळ मीच गेल्या आठवड्यात पाठवला होता. तो चुकीचा आहे, मनापासून क्षमस्व.

खालची आडवी रेघ अनुदात्ताची (खालचा स्वर), वरची उभी रेघ स्वरिताची (उंचावरून उतरणारा स्वर). उदात्ताला, म्हणजे उंच स्वराला, खूणच नसते. पहिलीच ऋचा बघा: अ॒ग्निमी॑ळे. ‘अ’खाली रेघ, ‘मी’वर रेघ, मधला ‘ग्नि’ मोकळा, उदात्त तोच. म्हणून ‘अग्नि’ शब्द अंतोदात्त, म्हणजे शेवटचं अक्षर उदात्त असलेला. मात्र शेवटचा ‘ळे’ही मोकळा आहे आणि तो उदात्त नाही, स्वरितानंतरच्या अनुदात्तांना, लगेच पुढे उदात्त किंवा स्वरित नसेल तर, रेघ देत नाहीत. म्हणजे नुसत्या खुणा मोजूनही भागत नाही.

आणि ‘मोठ्याने’ हेही नाही. पाणिनीच्या ‘उच्चैरुदात्तः’ या सूत्रातलं ‘उच्चैः’ म्हणजे मोठा आवाज नव्हे, हे काशिकावृत्ती या पाणिनीच्या सूत्रांवरच्या टीकेत स्पष्ट सांगितलंय. इथे प्रश्न स्वराच्या उंचीचा आहे. ‘इन्द्रशत्रु’ अंतोदात्त म्हटला तर इंद्राला मारणारा, आद्युदात्त (पहिलं अक्षर उदात्त) म्हटला तर इंद्र ज्याला मारणार तो. अर्थ पार उलटतो.

जुना मजकूर कृपया पुढे पाठवू नका. ज्यांना पाठवलात, त्यांना हा खुलासा द्या.