हेल्प फाइल उघडताना बंद पडणाऱ्या सॉफ्टवेअरबाबत आपल्या अभिप्रायास उत्तर

आदरणीय महोदय, सप्रेम नमस्कार.

आमच्या अडत-हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये हेल्प फाइल उघडली की ती दाखवणारा व्ह्यूअर आपोआप बंद पडतो आणि 'तीन दिवस फोन करूनही कोणी फिरकले नाही', असे लिहून आपण एक तारा दिला आहे. ऐन आवकेच्या दिवसांत आपल्या हिशेबपट्ट्या खोळंबल्या, याबद्दल मी मनापासून दिलगिरी व्यक्त करतो.

परंतु 'तीन दिवस' हे शब्द मला फार लागले. आपला पहिला फोन बुधवारी सायंकाळी पावणेसात वाजता, दुकान बंद करण्याच्या वेळी आला. गुरुवारी वेळ अमावस्या होती. त्या दिवशी लातूरची बाजारपेठ ओस पडते आणि अवघे शहर शेतावर जाते, हे आपल्यासारख्या लातूरकरांना मी सांगावे असे नाही. तरीही दुपारी आपला फोन आला तेव्हा हातातील आंबिलाचा पेला खाली ठेवून मी तो घेतला, आणि 'मीही शेतातच आहे, उद्या सकाळी माणूस पाठवा' असे आपणच म्हणाला होतात. शुक्रवारी १० वाजून ५० मिनिटांनी आमचा मुलगा आपल्या गाळ्यावर होता. कामाच्या वहीत आपल्या मुनिमांची सही आहे. सणाचा दिवस वगळला, तर मध्ये एकही कामाचा दिवस गेलेला नाही.

आता दोषाविषयी. आपल्याकडे हेल्प फाइल मराठी नावाच्या फोल्डरमध्ये हलवली गेली होती. ती ज्या सीएचएम प्रकारची आहे, तो मायक्रोसॉफ्टने १९९७ मध्ये आणला. विंडोजच्या त्या काळच्या कोडपेजांत, म्हणजे अक्षरांच्या तक्त्यांत, देवनागरीला जागाच नव्हती. त्यामुळे आमच्या व्ह्यूअरला फोल्डरच्या नावाऐवजी नुसती प्रश्नचिन्हांची रांग मिळाली आणि फाइल न सापडल्याने तो बंद पडला. फोल्डरला मराठी नाव देणे ही आपली चूक आहे, असे मी मुळीच म्हणणार नाही, कारण मराठीत हिशेब ठेवणाऱ्यांसाठीच मी हे सॉफ्टवेअर तयार केले आहे. फाइल सापडत नाही एवढे तरी व्ह्यूअरने सांगायला हवे होते. ते त्याने सांगितले नाही, ही उणीव आमचीच आहे. फोल्डरचे नाव इंग्रजी अक्षरांत करताच सर्व पाने उघडली आणि त्या फेरीचा एक रुपयाही आम्ही घेतला नाही.

पुढील आवृत्तीत यावर उपाय करू, तसेच सुट्टीच्या दिवशी फोन घेण्याची काही सोय लावण्याचाही विचार आहे. आमचे दुकान दोन माणसांवर चालते आणि नवे अडते फोन करण्याआधी हे तारे पाहतात. तारा आपण बदलावा असा माझा आग्रह नाही. 'तीन दिवस' हे शब्द मात्र कृपया आपल्या मुनिमांना विचारून दुरुस्त करावेत.

आपला नम्र,
दुकानाचा मालक, लातूर