शेतातलं हरीण बेघर नसतं

शेतात उभ्या असलेल्या हरणाचा फोटो आणि त्याखाली चार ओळी, असा मजकूर दर काही महिन्यांनी नव्याने फिरू लागतो. शब्द इकडचे तिकडे होतात, आशय तोच राहतो: "जंगलाचे तुकडे झाले म्हणून हरणं बेघर होऊन शेतात आली. उरल्यासुरल्या झाडीत ती उपाशी आहेत, अडकून पडली आहेत. आपसांतच वीण होऊन काही पिढ्यांत ती संपतील. त्यांना पकडून मोठ्या जंगलात सोडा. एकटं पाडस दिसलं तर उचलून वाचवा."

कळकळ खरी असेल. पण शेतशिवारात सर्वांत जास्त दिसणाऱ्या हरणांच्या बाबतीत यातलं जवळजवळ काहीच टिकत नाही, आणि शेवटचे दोन सल्ले तर हरणाच्या जिवावर उठणारे आहेत.

आधी एक खुलासा. इथे हरीण म्हणजे सारंग कुळातलं, ज्याची शिंगं दरवर्षी गळून नवी येतात. काळवीट आणि चिंकारा ही कुरंग. ती मुळातच उघड्या माळाची. ती 'जंगलातून बाहेर आली' असं म्हणायला आधी ती जंगलात असायला हवी होती.

आता 'बेघर' या मुद्द्याकडे येऊ. युरोपातलं रो हरीण हे वीस-पंचवीस किलोचं लहानखुरं जनावर. जंगलात ते एकटंदुकटं किंवा मायलेकरांच्या लहान गटात राहतं आणि चाहूल लागली की झुडपात दडतं. मध्य युरोपात, विशेषतः पोलंडच्या सपाट शेतीच्या पट्ट्यात, याच जातीची राहणी पार बदललेली दिसते. तिथे हिवाळ्यात उघड्या शेतांत वीस-पंचवीसचे, कधी त्याहून मोठे कळप जमतात. अनेक डोळे एकदम पहारा देतात, धोका लांबूनच दिसतो, आणि दडण्याऐवजी सगळी पळत सुटतात. पिकं वाढली की कळप विरतात आणि माद्या उभ्या पिकात पाडसं घालतात. अभ्यासक यांना 'शेतातलं रो' असंच म्हणतात, आणि जंगलाचा आधार न घेता ती पिढ्यान् पिढ्या जगतात. याला बेघर म्हणायचं तर घर कशाला म्हणायचं?

अमेरिकेतल्या पांढऱ्या शेपटीच्या हरणाची गोष्ट आणखी बोलकी आहे. १९०० च्या सुमारास बेसुमार शिकारीमुळे तिथे यांची संख्या ३ ते ५ लाखांवर आली होती. आज ती ३ कोटींच्या आसपास मानली जाते. मधल्या काळात शेती आणि वस्त्या काही कमी झाल्या नाहीत. शिकारीवर नियम आले, लांडगे आणि प्यूमा बहुतेक भागांतून आधीच नाहीसे झालेले होते, आणि शेत व झाडी यांच्या सीमेवरचं जगणं या हरणाला मानवलं. अमेरिकेच्या मधल्या भागातला मक्याच्या शेतीचा पट्टा घ्या. उन्हाळ्यात मका डोक्याच्या वर गेला की ते शेत म्हणजे हरणासाठी खाणं आणि आडोसा दोन्ही. माद्या आपला वावर मक्याकडे सरकवतात आणि कापणी झाली की पुन्हा ओढ्याकाठच्या झाडीकडे वळतात. एका अर्थाने तिथलं जंगल दरवर्षी पेरलं जातं आणि दरवर्षी कापलं जातं.

झाडी नकोच, असं मात्र नाही. ओढ्याकाठचा पट्टा, मधली एखादी राई, बांधावरची दाट झुडपं यांच्याशिवाय बहुतेक हरणांचा दिवस निघत नाही. फ्रान्सच्या नैर्ऋत्य भागात रो हरणांच्या गळ्यात जीपीएस पट्टे बांधून केलेल्या अभ्यासांत हेच दिसलं: दिवसा आडोशाला, रात्री उघड्या शेतात, घरं आणि रस्ते टाळून, शिकारीच्या हंगामात सावधपणा आणखी वाढलेला. ही घर गमावलेल्याची वणवण नव्हे. आपला मुलूख तासातासाच्या हिशेबाने वापरणाऱ्याचा हा दिनक्रम आहे.

'उपाशी' हा आरोप सर्वांत लवकर निकालात निघतो. रो हरणाचं पोट लहान, त्याला गाईसारखा जाडाभरडा चारा चालत नाही. कोंब, कळ्या, कोवळा पाला असं सत्त्वाचं निवडून खावं लागतं. शेतीचा प्रदेश नेमकं तेच वाढून ठेवतो. फ्रान्समधल्या त्याच प्रदेशातला २००९ चा एक अभ्यास सांगतो की सलग जंगलातल्या रो हरणांपेक्षा उघड्या शेतीतली हिवाळ्यात वजनाने भारी होती. त्यांच्या लेंड्यांमध्ये नत्र आणि स्फुरदही जास्त सापडलं, म्हणजे खाणं अधिक कसदार. (ज्याच्या पिकाचे शेंडे रोज रात्री खुडले जातात, त्या शेतकऱ्याला हे सांगायला संशोधक लागत नाही.)

खरी गंमत 'अडकून पडली आहेत' या वाक्यात आहे. हे वाक्य लिहिणाऱ्याने नकाशावर झाडीचे हिरवे ठिपके आणि मधली पिवळी शेतं पाहिली आणि ठिपक्यांना बेटं मानलं. हरणाला मधली शेतं म्हणजे समुद्र वाटत नाहीत.

हरणांच्या जगात एक ठरलेली पांगापांग असते. पाडूस साधारण वर्षाचं झालं की काही जण जन्माचा मुलूख सोडून कायमचे दुसरीकडे जातात. पांढऱ्या शेपटीच्या हरणात हे प्रामुख्याने तरुण नर करतात, वसंतात किंवा शरदात. वसंतात आईला नवं पाडूस व्हायचं असतं आणि ती मोठ्याला हाकलते. शरदात माजावर आलेल्या नरांची चढाओढ असते. आईचा वाटा किती मोठा, हे १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात नीट दिसतं: ज्यांची आई जिवंत होती ते बहुतेक तरुण नर निघून गेले, ज्यांची आई आधीच गेली होती ते बहुतेक तिथेच राहिले. रो हरणात नर आणि मादी दोन्ही पांगतात, आणि जाणारी हरणं दुबळी नसतात. फ्रान्समधल्या २०१२ च्या अभ्यासात वजनदार पिलांनी घर सोडण्याचं प्रमाण जास्त होतं आणि ती लांबवर गेली. म्हणजे शेतातून एकटं चाललेलं तरुण हरीण पाहून आपण ज्याची कीव करतो, ते बहुधा आपल्या पिढीतलं धडधाकट पोर असतं.

आणि झाडी विरळ झाली की ही पांगापांग थांबते का? उलट. अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या पांढऱ्या शेपटीच्या नरांवरचा २००५ चा अभ्यास इतर ठिकाणच्या आकड्यांशी जोडून पाहिला तेव्हा एक सरळ संबंध निघाला: जंगलाचं आच्छादन जितकं कमी, तितकं जाण्याचं सरासरी अंतर जास्त. किती जण जातात यावर आच्छादनाचा तसा परिणाम नव्हता. किती लांब जातात यावर होता. कारण उघड आहे. पुढची बरी जागा दूर असेल तर तिथवर चालावंच लागतं. भरपूर जंगलात जे अंतर काही किलोमीटरांत आटोपतं, ते सलग शेतीच्या प्रदेशात दहा-दहा किलोमीटरांच्या टप्प्यांत मोजावं लागतं. शंभर किलोमीटरांहून लांब गेलेली हरणंही नोंदली गेली आहेत. चार्ल्स निक्सन आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्याच इलिनॉय राज्याच्या जवळजवळ संपूर्ण नांगरटीखालच्या भागात केलेल्या अभ्यासात (१९९१) तर तरुण माद्याही मोठ्या संख्येने पांगताना दिसल्या, ज्या इतरत्र सहसा आईच्या शेजारीच राहतात. तुकड्यांच्या प्रदेशात हरीण अडकत नाही, जास्त चालतं.

इथेच 'आपसांत वीण' हा मुद्दाही ढिला पडतो. दोन गटांतली देवाणघेवाण टिकायला दर पिढीत फार पाहुणे लागत नाहीत. संवर्धनशास्त्रात १ ते १० हा ढोबळ नियम वापरतात. वर्षाला कित्येक तरुण बाहेर पडत असतील तर हा आकडा सहज गाठला जातो. फ्रान्समधल्या रो हरणांच्या जनुकांच्या तपासणीत (२००४) असं दिसलं की जनुकांचा प्रवाह झाडीच्या पट्ट्यांना धरून अधिक वाहतो. म्हणून बांध, झुडपांच्या रांगा आणि ओढ्याकाठ राखणं महत्त्वाचं, हे मान्य. पण प्रवाह चालू होता, तुटलेला नव्हता.

तो जिथे खरोखर अडतो ती जागा या मजकुरात कुठेच नाही: रस्ता. पेनसिल्व्हेनियात पांगणारे नर मोठ्या रस्त्याशी किंवा नदीशी येऊन तिथेच मुक्काम करताना दिसले. स्वित्झर्लंडमध्ये कुंपण घातलेल्या महामार्गाच्या दोन बाजूंच्या रो हरणांमध्ये जनुकीय फरक पडू लागलेला आढळला. आणि कुंपण नसेल तर? एकट्या जर्मनीत दरवर्षी २ लाखांच्या आसपास रो हरणं वाहनांखाली येतात. फोटोखाली 'जंगल तोडलं' असं लिहिणं सोपं आहे. ज्या रस्त्यावरून आपण रोज जातो तिथे हरणांसाठी पूल किंवा भुयार मागणं जरा अवघड जातं, त्यात आपलाच वेग आड येतो.

मजकूर काही हरणांना अगदी तंतोतंत लागू पडतो, हेही लिहायला हवं. ज्या जातींचं पोट आणि पाय एकाच प्रकारच्या अधिवासाला बांधलेले आहेत, त्यांना शेत आणि झाडीच्या अशा तुकड्यातुकड्यांच्या प्रदेशात जागा नाही. मध्य प्रदेशातल्या कान्हा अभयारण्यातली, कडक जमिनीवर राहणारी बारशिंगा हरणं १९७० मध्ये ६६ उरली होती; त्यांना उंच गवताची कुरणं लागतात, मका चालत नाही. मणिपूरच्या लोकटाक सरोवरातल्या तरंगत्या गवताळ थरांवर राहणारं संगाई हरीण १९७५ च्या हवाई पाहणीत अवघं १४ सापडलं. यांच्याबद्दल 'घर गेलं' म्हणा, कोणी हरकत घेणार नाही. फोटो मात्र नेहमी अशा हरणाचा असतो ज्याला शेत मानवलेलं आहे.

राहिला पकडून सोडण्याचा सल्ला. हरीण घाबरून जिवाच्या आकांताने धडपडतं तेव्हा त्याच्या स्नायूंचे तंतू फुटतात, त्यातली द्रव्यं रक्तात उतरून मूत्रपिंडं निकामी करतात. मरण त्याच क्षणी येईल असं नाही. काही तासांनी किंवा काही दिवसांनी येतं, जेव्हा 'यशस्वी सुटका' असा फोटो आधीच फिरून झालेला असतो. जे वाचतं त्याला अनोळखी मुलखात पाणी, आडोसा, शत्रू सगळं नव्याने शिकावं लागतं, तेही आधीच वसलेल्या हरणांच्या शेजारात. शिवाय हरणासोबत त्याचे रोगही जातात. उत्तर अमेरिकेत हरणांच्या मेंदूला पोखरणाऱ्या क्रॉनिक वेस्टिंग डिसीजमुळे जिवंत हरणांच्या वाहतुकीवर अनेक ठिकाणी बंधनं आहेत. कान्हातून मध्य प्रदेशातल्याच सातपुडा व्याघ्र प्रकल्पात बारशिंगा हलवली गेली, ते काम २०१५ पासून सुरू झालं. त्यासाठी आतून निमुळतं होत जाणारं 'बोमा' कुंपण घालून, जनावराला हात न लावता त्याला गाडीपर्यंत आणण्याची पद्धत वापरली गेली. मूळ ठिकाणी एक आपत्ती आली तर सगळी जात जाऊ नये, हा त्यामागचा हेतू. शेतातल्या धडधाकट हरणाला जाळं टाकणं आणि हे यांत काहीही साम्य नाही.

आणि एकटं पाडूस. ते एकटं असायलाच हवं. पहिल्या काही आठवड्यांत पाडसाला जवळजवळ गंध नसतो, ठिपक्यांनी ते गवतात मिसळतं, आणि आई मुद्दाम दूर चरते, कारण तिच्या वासाने शत्रू येईल. दिवसातून मोजक्या वेळा ती येते, दूध पाजते, जाते. माणूस जवळ उभा असेल तर येतच नाही, म्हणून 'दोन तास थांबलो, आई आली नाही' यातून काहीच सिद्ध होत नाही. हात लावायची वेळ एकाच प्रसंगी येते: गवत कापणारं यंत्र येणार असेल तेव्हा, कारण पाडूस पळण्याऐवजी आणखी दबून बसतं. जर्मनीत आणि स्वित्झर्लंडमध्ये यासाठी पहाटे, जमीन गार असताना, उष्णता टिपणारे ड्रोन शेतावरून फिरवतात. सापडलेलं पाडूस हातमोजे आणि मूठभर गवत यांच्या आडून उचलून कडेच्या सावलीत खोक्याखाली ठेवतात आणि कापणी संपली की लगेच मोकळं करतात. त्याच्या हाकेवर आई येते, तोवर माणसांनी शेतातून निघून जायचं असतं.