पेसमेकर आहे, मग ॲब्लेशन कशाला? – एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

माझ्या पेसमेकर आणि ॲब्लेशनच्या अनुभवावर मी लिहिलेल्या लेखाला आलेली तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: पेसमेकर बसवल्यावर ठोके अनियमित होऊच शकत नाहीत, तेव्हा नंतरचं ॲब्लेशन (जांघेतून हृदयापर्यंत नळी नेऊन ताल बिघडवणारी जागा भाजून बंद करणं) माझ्या गळ्यात मारलं गेलं. आधी ॲब्लेशन केलं असतं तर पेसमेकर लागलाच नसता. एवढं करून गोळ्या चालूच आहेत, मग मिळवलं काय? शिवाय मी सगळं गोड गोड लिहिलं. आणि जाता जाता तुम्ही लिहिलंत, की ॲब्लेशननंतर वडिलांची धडधड थांबली, म्हणून त्यांनी रक्त पातळ करणारी गोळी आपणहून सोडली. मी उत्तर लिहायला बसले ती या शेवटच्या ओळीमुळे. पण तिथे पोचण्याआधी बाकीचं सांगायला हवं.

गोड लिहिल्याचा आरोप मला मान्य आहे. ‘हृदय पुन्हा नव्यासारखं झालं’ हे वाक्य मी लिहायला नको होतं. ॲब्लेशननंतर जांघेत काळंनिळं पडलं होतं, आठवडाभर जिना चढवत नव्हता, आणि एकोणिसाव्या दिवशी धडधड इतकी वाढली की पुन्हा दाखल व्हावं लागलं. भाजलेली जागा बरी होऊन तिथे व्रण तयार व्हायला दोन-तीन महिने जातात, तोवर असे धडधडीचे झटके येऊ शकतात, हे मला आधी सांगितलेलं होतं. तरी त्या रात्री मी रडले. वाचणारे घाबरतील म्हणून हे गाळलं, ते चुकलं.

आता पेसमेकरचं. हृदय मंदावलं किंवा थबकलं की ठोका देणं, एवढंच त्याचं काम. धावत सुटलेल्या हृदयाला तो आवरत नाही. एट्रियल फिब्रिलेशनमध्ये हृदयाचे वरचे कप्पे मिनिटाला 350 ते 600 इतक्या वेगाने नुसते थरथरतात, त्यातले काही इशारे खाली झिरपतात आणि नाडी वेडीवाकडी पळते. माझी 150च्या पुढे जायची, आणि हा झटका थांबला की हृदय चार-पाच सेकंद गप्पच व्हायचं. डोळ्यांपुढे अंधारी यायची ती तेव्हा. वेग कमी करणारी गोळी द्यावी तर मंद हृदय आणखी मंद होणार. पेसमेकर आल्यावरच ती गोळी मला बिनधोक देता आली. ती देऊनही झटके थांबेनात, तेव्हा ॲब्लेशन ठरलं.

‘आधी ॲब्लेशन’ हा तुमचा मुद्दा मात्र मी झटकून टाकणार नाही. काही रुग्णांमध्ये हृदय थबकतं ते फक्त झटका संपतानाच. झटकेच बंद झाले तर अशांचा पेसमेकर टळू शकतो. हा प्रश्न डॉक्टरांना जरूर विचारावा. मीही विचारला होता. माझ्या होल्टरच्या (दिवसभर अंगावर लावून ठोके नोंदवणाऱ्या यंत्राच्या) पट्टीत झटका नसतानाही, भर दुपारी जागेपणी, ठोके 35 पर्यंत उतरलेले दिसत होते. माझा मूळ ताल देणारा सायनस नोडच थकलेला होता. ॲब्लेशनने तो सुधारला नसता.

ॲब्लेशन कुठे करायचं हे कळलं तेही फार जुनं नाही. झटक्याची ठिणगी बहुतेकदा फुप्फुसांकडून डाव्या वरच्या कप्प्यात येणाऱ्या शिरांच्या तोंडाशी पडते, हे फ्रान्समधल्या बोर्दो शहरात मिशेल आयसागेर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1998 मध्ये दाखवलं. म्हणून त्या तोंडांभोवती व्रणाचं कडं करतात, म्हणजे ठिणगी आत पोचत नाही. कड्यात पुढे फट राहिली तर झटके परततात आणि काहींना दुसऱ्यांदा ॲब्लेशन लागतं.

‘मशीनवर किती दिवस काढणार’ असंही तुम्ही विचारलंत. शरीरात पेसमेकर बसवलेले पहिले रुग्ण आर्ने लार्सन. 1958 मध्ये स्टॉकहोममध्ये त्यांना बसवलेलं पहिलं यंत्र काही तासांतच बंद पडलं. पुढे वीसहून जास्त यंत्रं बदलली आणि ते 2001 पर्यंत, वयाच्या 86व्या वर्षापर्यंत जगले. रोजची पथ्यंही थोडीच: मोबाइल फोन पेसमेकरपासून सुमारे 15 सेंटिमीटर लांब ठेवायचा, छातीवरच्या खिशात नाही. एमआरआयआधी पेसमेकरचं कार्ड दाखवायचं. मायक्रोवेव्हला घाबरायचं कारण नाही.

आता वडिलांच्या गोळीबद्दल. वरचे कप्पे थरथरताना डाव्या कप्प्याच्या पिशवीसारख्या कोपऱ्यात रक्त साचून गुठळी होऊ शकते, ती सुटून मेंदूत गेली की पक्षाघात. गोळी असते ती यासाठी, धडधडीसाठी नव्हे. आणि धडधड जाणवली नाही म्हणजे झटका आला नाही, असं नसतं. माझा पेसमेकर प्रत्येक झटका नोंदवून ठेवतो. गेल्या तपासणीत त्यात पाच तासांचा एक झटका निघाला. मी त्या रात्री शांत झोपले होते, मला काहीही कळलं नव्हतं. तुमच्या वडिलांना पेसमेकर नसेल तर अशी रात्र टिपणारं त्यांच्याजवळ काही नाही.

ॲब्लेशननंतर पहिले दोन-तीन महिने गोळी चुकवायचीच नसते. पुढे ती ठेवायची की नाही हे वय, रक्तदाब, मधुमेह, हृदय कमजोर आहे का, आधी पक्षाघात झालाय का, यांवर ठरतं. काहींची गोळी डॉक्टर सगळं तपासून थांबवतातही. तुमच्या वडिलांचंही कदाचित तसंच ठरेल, पण ते डॉक्टरांनी ठरवू दे. माझ्यावरचा राग राहू दे, मी तो समजू शकते. आज त्यांच्या डॉक्टरांना फोन करून गोळी कधीपासून बंद आहे ते सांगा. आणि कधीही तोंड वाकडं झालं, एक हात खाली पडला, बोलणं अडखळलं, तर उतरेल म्हणून थांबू नका, त्याच क्षणी हॉस्पिटल गाठा.

डॉक्टर काय म्हणाले ते मला जरूर कळवा. मी वाट बघते.