कंबरेला पिस्तूल लावून मेथीचं बी आणायला गेले त्याची गोष्ट

आधी पट्ट्याचं सांगते, कारण त्याबद्दल कुणी बोलत नाही. बायकांच्या कपड्यांत पिस्तूल लावायला जागाच नसते. माझ्याकडचे सगळे पट्टे शोभेचे, बोटभर रुंदीचे. त्यात होल्स्टर, म्हणजे पिस्तुलाची म्यान, अडकवलं की पँट एका बाजूने खाली यायची. माझं ग्लॉक 19 पिस्तूल भरलेलं असलं की साडेआठशे ग्रॅमच्या आसपास वजन होतं, आणि ते सगळं उजव्या कुल्ह्यावर. शेवटी पुरुषांच्या विभागातून दीड इंची जाड चामड्याचा पट्टा आणला. तो घट्ट आवळून आरशासमोर उभी राहिले तेव्हा नवरा म्हणाला, "आता फक्त कोयता राहिला."

मी देवगड तालुक्यातली. कोयत्याकडे नंतर येते.

तारीख 6 एप्रिल 2024, शनिवार. डॅलसच्या उत्तरेकडच्या उपनगरात आम्ही राहतो. सोमवारी खग्रास सूर्यग्रहण होतं, त्यामुळे गावात पाहुण्यांची गर्दी आणि प्रत्येक काउंटरवर ग्रहणाचे चष्मे. मंगळवारी पाडवा. मला मेथीचं बी, मातीच्या दोन पिशव्या आणि गुढीसाठी साखरेची गाठी आणायची होती. आणि त्याच दिवशी मी ठरवलं होतं की एकदा ओपन कॅरी करून बघायचं, म्हणजे पिस्तूल न झाकता, दिसेल असं कंबरेला लावून बाहेर पडायचं. टेक्सासात हे कायदेशीर आहे. परवानाधारकांना 1 जानेवारी 2016 पासून, आणि 1 सप्टेंबर 2021 पासून तर बहुतेकांना परवान्याशिवायही. पिस्तूल होल्स्टरमध्ये हवं आणि कायद्याने बंदूक बाळगायला बंदी असलेल्यांत तुम्ही नसावं.

या शेवटच्या अटीत आपली बहुतेक मंडळी अडकतात, म्हणून जरा थांबते. नोकरीचा एच-वन, जोडीदाराचा एच-फोर, विद्यार्थी व्हिसा, यातल्या कुणालाही इथे बंदूक जवळ बाळगणं हा फेडरल, म्हणजे केंद्राच्या कायद्याने, गुन्हा आहे. घेणं तर सोडाच, मित्राची रेंजवर, म्हणजे नेमबाजीच्या मैदानावर, हातात धरली तरी तेच कलम. गंमत म्हणजे त्याला एक पळवाट आहे, शिकारीचा परवाना काढला तर चालतं. त्यामुळे हरणाच्या वाटेला कधी न गेलेले काही सॉफ्टवेअरवाले खिशात शिकारीचा परवाना बाळगून रेंजवर जातात. मी 2008 साली आले, ग्रीन कार्ड 2021 मध्ये हातात आलं. पिस्तूल घेताना मात्र फॉर्म 4473, म्हणजे बंदूक खरेदीचा सरकारी अर्ज, भरला, दुकानदाराने तपासणीसाठी नाव पाठवलं आणि वीस मिनिटांत "ऑल सेट, मॅम." कार्डाला तेरा वर्षं, पिस्तुलाला वीस मिनिटं.

का घेतलं? 6 मे 2023 ला ॲलनच्या आउटलेट मॉलमध्ये आठ माणसं मारली गेली. त्यात हैदराबादहून आलेली एक तरुण इंजिनिअर मुलगी होती. तो मॉल आमच्या घरापासून पंधरा मिनिटांवर. मुलांचे शाळेचे बूट तिथूनच घेतो. त्यानंतर कित्येक रात्री मी दाराची कडी दोनदा बघायला उठायचे. माझ्यासारख्या तीन-चार मराठी बायका त्या उन्हाळ्यात रेंजवर जायला लागल्या. घरी भारतात कुणीच कुणाला सांगितलं नाही.

परवाना सक्तीचा नसला तरी मी काढला. चाळीस डॉलर फी, दिवसभराचा वर्ग, लेखी परीक्षा आणि पन्नास गोळ्या: वीस तीन यार्डांवरून, वीस सातवरून, दहा पंधरावरून. अडीचशेपैकी एकशे पंचाहत्तर गुण मिळाले की पास. मला दोनशे एकतीस पडले. (हे मी आत्तापर्यंत कुणाला सांगितलं नव्हतं, आज मिरवते.) काढायचं खरं कारण वेगळंच होतं. शाळेपासून हजार फुटांच्या आत भरलेली बंदूक घेऊन फिरायला फेडरल कायद्याची बंदी आहे आणि राज्याचा परवाना असेल तरच त्यातून सूट मिळते. आमच्या उपनगरात शाळेच्या हजार फुटांत न येता दूधसुद्धा आणता येत नाही. राज्य म्हणतं परवाना नको, पण परवाना नसलेला माणूस रोज नकळत दिल्लीचा, म्हणजे वॉशिंग्टनचा कायदा मोडत फिरतो. वर्ग घेणारे म्हातारे गृहस्थ हे सांगताना खो-खो हसले होते.

तर शनिवार. पहिला प्रश्न असा की जायचं कुठे? राज्याने दिलेली मुभा दुकानांनी कधीच काढून घेतलेली आहे. एच-ई-बी या किराणा दुकानांच्या साखळीने 2016 पासून उघडं पिस्तूल नको म्हटलंय. स्टारबक्सने 2013 मध्ये, व्हॉटाबर्गर या बर्गरवाल्यांनी 2015 मध्ये. टेक्सासातल्याच एल पासोच्या आपल्या दुकानात 2019 साली गोळीबारात तेवीस माणसं गेल्यावर वॉलमार्टनेही गिऱ्हाइकांना विनंती केली की बाबांनो, उघडी हत्यारं घेऊन येऊ नका. ज्यांना कायदेशीर मनाई करायची ते दारावर 30.07 या कलमाची, उघडं पिस्तूल आत आणू नका असं सांगणारी पाटी लावतात, इंग्रजीत आणि स्पॅनिशमध्ये, इंचभर उंच अक्षरांत. पाटी असूनही आत गेलात तर दोनशे डॉलरपर्यंत दंड. निघून जा म्हटल्यावरही थांबलात तर प्रकरण तुरुंगापर्यंत जातं. म्हणजे तुम्ही दिवसभर दारं वाचत फिरता. बाहेरून एवढा रुबाब दिसणारा माणूस प्रत्यक्षात पाट्या वाचत असतो, हे मला त्या दिवशी कळलं.

रोपांच्या दुकानाला पाटी नव्हती. आत गेले. छातीत धडधड, चेहऱ्यावर अगदी सहज असल्याचा आव. आणि कुणी ढुंकूनही बघितलं नाही! गल्ल्यावरच्या मुलाने मातीच्या पिशव्या स्कॅन केल्या आणि ग्रहणाचा चष्मा हवा का विचारलं. एका टोपीवाल्या आजोबांनी मान हलवली, आपल्यातल्या माणसाला ओळख द्यावी तशी. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. सोळा वर्षांत त्या दुकानात मला कुणी अशी ओळख दिली नव्हती.

पण उजवं कोपर. ते सारखं पिस्तुलावर जात होतं. रांगेत मागे कुणी उभं राहिलं की कोपर आत. वाकून रोप उचललं की कोपर आत. हे आपण आधी कुठेतरी केलंय असं सारखं वाटत होतं आणि गाडीत बसल्यावर आठवलं. ठाण्याहून दादरला जाताना लेडीज डब्यात पर्स अशीच धरायचे मी. चोर हात घालेल म्हणून कोपराने दाबून. माझ्या रक्षणासाठी घेतलेली वस्तू होती आणि सकाळपासून मीच तिची राखण करत होते.

आणि बाथरूम! हा विषय वर्गात दोन मिनिटांत उरकतात. पट्टा सोडला की ते साडेआठशे ग्रॅम सरळ जमिनीकडे निघतात. दाराच्या आकड्याला लटकवायचं नाही, टाकीवर ठेवायचं नाही, कारण लोक विसरून जातात आणि पुढच्या माणसाला, कधी पोराला, ते सापडतं. मग दोन्ही हातांनी पँट आणि पिस्तूल सावरत तुम्ही जे काही करता त्याचं वर्णन मी इथे करणार नाही. बाहेर आले तेव्हा घाम फुटला होता.

तिथून आपल्या भारतीय किराणा दुकानात. सवयीने उतरले, डिकीतून पिशवी काढली, चालायला लागले आणि कंबरेला काय आहे हे साफ विसरले. पार्किंगमध्येच मैत्रीण भेटली. तिच्या सासूबाई सांगलीहून आलेल्या, आणि सहा वर्षांचा मुलगा. याच्या बारशाला पाळणा म्हणणाऱ्यांत मी होते. काकूंनी आधी माझ्याकडे, मग कंबरेकडे बघितलं.

"अगं बाई, पोलिसात लागलीस की काय?"

"नाही हो काकू, असंच."

"असंच?"

त्या 'असंच?'ला माझ्याकडे उत्तर नव्हतं. आणि एरवी धावत येऊन पायाला मिठी मारणारा पोरगा आला नाही. रडला नाही, काही विचारलंही नाही. आईच्या मागे गेला आणि मग गाडीचं चाक आणि आई यांच्यामध्ये बसला. खाली, उकिडवा, अगदी गप्प. मैत्रीण ओशाळून म्हणाली, "शाळेत शिकवतात ना त्यांना." लॉकडाउनचा सराव, म्हणजे शाळेत कुणी बंदूक घेऊन शिरलं तर काय करायचं त्याचा. दिवे बंद, आवाज बंद, दाराच्या नजरेआड बसायचं. त्याने एक माणूस आणि एक पिस्तूल बघितलं आणि शिकवलेलं केलं. तो माणूस मावशी आहे हा हिशोब त्यात बसत नव्हता.

मी गाडीत परत गेले, पिस्तूल काढून सीटखालच्या पेटीत कुलूप लावून ठेवलं. दुकानाच्या दारावर मंडळाच्या पाडव्याच्या पोस्टरशेजारी 30.07 ची पाटी होतीच. इतकी वर्षं त्या दारातून जात होते, कधी वाचली नव्हती.

आता कोयता. आमच्या वाडीत कामाला निघालेल्या प्रत्येक माणसाच्या कंबरेला आकडी आणि आकडीत कोयता. पात्याला अशी धार की माड सोलावा. आम्ही पोरं त्यांच्या मागेपुढे उड्या मारायचो. आजोबांकडे शेतीसंरक्षणाच्या परवान्याची ठासणीची बंदूकही होती, डुकरं आणि वानरांसाठी. रात्री ती खांद्यावर टाकून ते बांधावरून जायचे. म्हटलं तर ओपन कॅरीच. निवडणूक आली की ती पोलीस ठाण्यात जमा व्हायची आणि पावती देवघरातल्या पंचांगात. एकदा गणपतीत मुंबईच्या चुलतभावाला ती घेऊन फोटो काढायचा होता. आजोबा म्हणाले, "ती मिरवूक नाय, डुकरांक आसा." विषय संपला. पण मुख्य गोष्ट अशी की ती बंदूक कुणाची, कशासाठी, आज बाहेर का काढली, हे अख्ख्या वाडीला ठाऊक असायचं. पार्किंगमध्ये माझ्याबद्दल कुणाला काय ठाऊक होतं? ओळखणाऱ्यांनासुद्धा नव्हतं.

दुसरी बाजू मला माहीत आहे आणि ती पोकळ नाही. 16 ऑक्टोबर 1991 ला याच राज्यातल्या किलीन गावात लूबीज नावाच्या खाणावळीत एकाने तेवीस माणसं मारली. सुझाना हप आईवडिलांबरोबर जेवत होत्या. त्यांचं पिस्तूल गाडीत होतं, कारण तेव्हाच्या कायद्याने बरोबर बाळगता येत नव्हतं. आईवडील दोघंही गेले. पुढे त्या आमदार झाल्या. 1995 मध्ये टेक्सासने लपवून पिस्तूल बाळगायचे परवाने देणारा कायदा केला त्यामागे त्यांच्या साक्षीचा मोठा वाटा होता. त्याआधी 1871 पासून, मोजके अपवाद सोडले तर, टेक्सासात पिस्तूल घेऊन फिरायला बंदीच होती. काउबॉय, टोपी, कंबरेला पिस्तूल हे जे चित्र आपण डोक्यात घेऊन येतो त्याला जवळजवळ दीडशे वर्षं इथल्या कायद्याचीच मनाई होती. पण हप यांचा मुद्दा पिस्तूल जवळ असण्याचा होता. ते दिसण्याचा नव्हता.

दिसण्याचं काय होतं तेही या शहराने बघितलंय. 6 जुलै 2016 ला मिनेसोटात फिलँडो कॅस्टिल या कृष्णवर्णीय गृहस्थांनी गाडी थांबवणाऱ्या पोलिसाला स्वतःहून सांगितलं की माझ्याकडे पिस्तूल आहे. परवाना होता. त्यांना गोळ्या घातल्या गेल्या, आणि पुढच्या वर्षी ज्युरीने त्या पोलिसाला निर्दोष सोडलं. दुसऱ्याच दिवशी डॅलसमध्ये अशा मृत्यूंच्या निषेधाचा मोर्चा निघाला. त्यात कायद्याने परवानगी असलेल्या रायफली खांद्याला लावून काही लोक आले होते. एका माणसाने गोळीबार करून पाच पोलीस मारले. आणि पोलिसांनी ज्याचा फोटो संशयित म्हणून जगभर पसरवला तो भलताच निघाला, रायफल घेऊन आलेला एक कृष्णवर्णीय नागरिक. त्याने आपली रायफल स्वतःहून पोलिसाच्या हातात दिली होती. कायद्याने वागूनसुद्धा.

त्यामुळे नव्याने ग्रीन कार्ड मिळालेले भाऊ, जे मला इनबॉक्समध्ये "वहिनी, होल्स्टर कुठलं घेऊ?" विचारतात, त्यांना माझं सांगणं साधं आहे. पिस्तूल घ्या नाहीतर घेऊ नका, तो घरचा निर्णय. घेतलंत तर परवाना काढा, तो ऐच्छिक असला तरी. तो ऐच्छिक करण्याचा 2021 चा निर्णय मला चूकच वाटतो, कारण माझ्या वर्गात पन्नासपैकी पन्नास गोळ्या कागदाबाहेर मारणारा एक गृहस्थ होता आणि आज त्यालाही घेऊन फिरायचा पूर्ण हक्क आहे. आणि उघडं लावू नका. टोपीवाल्या आजोबांच्या कंबरेवर ते दिसलं तर लोक त्यांना शेजारी समजतात. आपल्या कंबरेवर दिसलं तर काय समजतील ते बघणाऱ्यावर अवलंबून, आणि ते कळायला वेळ मिळेलच असं नाही. यावर कमेंटमध्ये "भित्री" म्हणायचं असेल तर खुशाल म्हणा. माझं पिस्तूल आता बोटाच्या ठशाने उघडणाऱ्या तिजोरीत असतं. रेंजवर महिन्यातून एकदा जाते. जाड पट्टा नवरा वापरतो.

पुढच्या शनिवारी मंडळाचा पाडवा होता. मी नऊवारी नेसले होते. लाडवांच्या टेबलापाशी तो पोरगा आला, दोन हात लांब थांबला.

"मावशी, आज आणलंय?"

मी पदर बाजूला केला आणि सावकाश एक गिरकी घेतली. त्याने पुढून बघितलं, मागून बघितलं. मग लाडू घेतला.