सेलमध्ये असेल तरच घ्या

लेखात 'एम्पायर: टोटल वॉर' हा राज्य चालवायचा अन् लढाया खेळायचा कॉम्प्युटर गेम आता घ्यावा का असं विचारलंय म्हणून लिहितो. गेम २००९ चा आहे पण मराठे घेऊन खेळता येतं, माझ्यासाठी तेवढंच पुरेसं होतं. सुरुवात १७०० पासून, म्हणजे बघा राजाराम महाराज गेले ते साल, औरंगजेब अजून दख्खनमध्ये ठाण मांडून बसलेला, आणि गेममध्येही शेजारी अवाढव्य मुघल अन् गोव्यात पोर्तुगीज. वर्षाला दोन टर्न, म्हणजे खेळातल्या एका वर्षात आपल्या दोन पाळ्या, त्यामुळे ‘एक टर्न खेळून झोपतो’ म्हणता म्हणता पहाटेचे तीन वाजतात राव. समुद्रावरच्या लढाया तर लई भारी, एकेका जहाजाच्या शिडाच्या चिंध्या होताना दिसतात.

पण गनिमी कावा वगैरे विसरा. किल्ले सगळीकडे तेच युरोपियन चांदणीच्या आकाराचे, सह्याद्रीचा कडा चढून शत्रू घामाघूम होईल असं काहीच नाही, हे मला जाम खटकलं. वेढ्यात कॉम्प्युटरचं सैन्य तटाखाली येड्यासारखं घुटमळत बसतं. माझ्या जुन्या लॅपटॉपवर तर लढाई लोड होईपर्यंत चहा उकळून गाळूनही व्हायचा. पूर्ण किमतीला मी तरी नाही घेणार.